फेटा गोल मारणाऱ्यालाच: नांदेड ते उदगीर

बसवराजचा शेवटचा फुटबॉल सामना बघायला उदगीरला जायचं, हे त्याचा फोन ठेवायच्या आधीच ठरलं होतं. बसवराज माझा कॉलेजपासूनचा मित्र. पोटापाण्याला उदगीरच्या मोंढ्यात आडत दुकान, जीव मात्र मैदानाच्या मधोमध. आम्ही दोघे एका निवृत्त डच मिडफिल्डरचे भक्त. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तरी बहुतेकांना शोधावं लागेल, आणि माझं दुखणं तेच आहे. त्याच्याच संघातल्या स्ट्रायकरचे टी-शर्ट नांदेडच्या फुटपाथवर मिळतात. त्या स्ट्रायकरला बॉल कोण पुरवत होतं, याची कुणाला पडलेली नसते.

जाणार असाल तर लोहामार्गे अहमदपूर गाठा आणि तिथे एसटी बदला. स्टँडसमोर मुरमुऱ्यांची सुशीला झकास मिळते, चहासकट पन्नासाच्या आत. पाणी मात्र घरून न्या. दुष्काळ असा की हॉटेलात मागितल्याशिवाय ग्लास येत नाही, आणि आला तरी अर्धाच. पुढचा रस्ता हाडं खिळखिळी करतो.

उदगीरच्या चौकाचौकात नव्या जिल्ह्याच्या मागणीचे फ्लेक्स होते. मैदानाच्या दारात बसवराजच्या निरोपाचा. त्यानं एकच मागणं घातलं होतं: फ्लेक्सवर माझ्या शेजारी तो डच मिडफिल्डर पाहिजे. तिथे स्ट्रायकर हसत होता! माझं डोकंच फिरलं.

"हे कुणी केलं?" मी आयोजकांना गाठलं.

"सर, तुमच्या त्या गड्याला वळखतं कोण? समदे ह्यालाच बघून राहिलेत."

"पण निरोप कुणाचा आहे?"

"बसूअण्णाचाच हाय की. तेबी हाव म्हणले."

सामना धुळीत झाला. शिंपडायला पाणी नव्हतं, ते पटलं. बसवराजनं तिघांच्या मधून असा पास काढला की त्याच्याच संघाचा स्ट्रायकर दत्ता, त्यानं नुसता पाय लावला आणि गोल झाला. लोकांनी दत्ताला खांद्यावर घेतलं.

मग सत्कार. बसवराजसारखा फेटा गावात कुणी बांधत नाही, म्हणून स्वतःच्याच निरोपाला फेटे बांधायला तोच. पुढाऱ्याला बांधला, टँकरवाल्याला बांधला, दत्ताला बांधला. कापड संपलं. टाळ्या झाल्या, मंडळी पांगली. बसवराजबद्दल दोन शब्दसुद्धा कुणी बोललं नाही.

"तू गप्प कसा राहतोस रे?" मी त्याच्यावरच ओरडलो. "तुझ्या या गप्प बसण्यानंच यांचं फावतं!"

"जाऊ दे की गड्या," तो म्हणाला. "पास बरा बसला का न्हाई, तेवढं सांग."

"बसला," मी म्हणालो. त्यावर तो लई खूश झाला, आणि मला आणखीच संताप आला.

परतीच्या एसटीत शेजारच्या अनोळखी गुरुजींना मी अहमदपूरपर्यंत हेच ऐकवलं: जग गोल मोजतं, पास विसरतं, लोक आंधळे आहेत. गुरुजी बिचारे मान डोलावत राहिले.

घरी पोचलो तर धाकट्या भावानं दारातच विचारलं, "कोण जिंकलं? गोल कुणी मारला?"

"उदगीर. दत्तानं मारला. काय गोल होता!" चपला काढता काढता मी सांगून टाकलं.

"भारी," म्हणत तो आत गेला. मी एक चप्पल हातात घेऊन तिथेच थांबलो. बसवराजचं नाव माझ्याही तोंडातून निघालं नव्हतं.