बेस गिटार घेऊन तलवाडा, धारूर, घाटनांदूर

इरफानभाईंचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत प्रॅक्टिकलनंतरची काचेची भांडी जागेवर लावत होते.

"मॅडम, बीड जिल्ह्यात तीन कार्यक्रम लागलेत. तलवाडा, धारूर, घाटनांदूर. रजा मिळेल का?"

मी हो म्हटलं. मग ते जरा घुटमळले. "अजून एक सांगायचं होतं. नव्या कीबोर्डात बेसचा आवाज चांगला हाय. डाव्या हातानं जमायलंय मला. तर ही खेप झाली की बघू, पुढं काय करायचं ते. तुमच्या अँपला गाडीत लई जागा लागते."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. माझा अँप, म्हणजे गिटारचा अँप्लिफायर, लहान कपाटाएवढा आहे. तो उभा केला की मागच्या सीटवर दोनच माणसं बसतात.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: बेस गिटारला बहुधा चारच तारा असतात, जाड. तिचा आवाज खर्जातला, गाण्याच्या तळाशी राहणारा. ती वाजते आहे हे सहसा कोणाला कळत नाही, थांबली की गाणं पोकळ वाटतं, असं बेस वाजवणारे म्हणतात. बाकीचे काही म्हणत नाहीत. मी ती पस्तिशी उलटल्यावर शिकले आणि छत्रपती संभाजीनगरातल्या आमच्या छोट्या ऑर्केस्ट्रात हौसेनं वाजवते. इरफानभाई कीबोर्ड वाजवतात, गाडी आणि ऑर्केस्ट्राही त्यांचाच. मंगेश ऑक्टोपॅडवर, म्हणजे काड्यांनी वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक तालवाद्यावर. आणि गायला सुनंदाताई. साठीला टेकलेल्या, बारीक चणीच्या, गाडीत बसल्या की लगेच डोळे मिटणाऱ्या.

तुळशीची लग्नं उरकल्यावर एका सकाळी निघालो. गेवराईपर्यंत हायवे उत्तम. शहागडला गोदावरीचा पूल लागतो, तिथं चहाला थांबावं. गेवराईच्या पुढे तलवाड्याचा रस्ता धरला की वेग विसरायचा. हे दिवस उसाचे. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांच्या बाहेर लोंबणारी उसाची टोकं, आणि ट्रॅक्टरवाल्याच्या गाण्यापुढे आपला हॉर्न कोणाला ऐकू येत नाही. रस्त्याकडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके अडकलेले. घाई असेल तर हा महिना टाळा.

तलवाड्यात एका शिक्षकांचा निवृत्तीचा सत्कार होता, शाळेच्या मैदानावर, भर दुपारी. मी अँप लावत असताना पुढच्या रांगेतले एक फेटेवाले उठून स्टेजपाशी आले.

"ही गिटार हाय का?"

"हो, बेस गिटार."

"चारच तारा? बाकीच्या तुटल्या का?"

"नाही, हिला चारच असतात."

त्यांनी दोन गाणी लक्ष देऊन ऐकली आणि पुन्हा आले. "बाई, तुमी वाजवायलात, पण आवाज कावून येईना?"

"येतोय. खालून येतोय."

त्यांनी खरोखरच स्टेजच्या खाली वाकून पाहिलं.

तिसऱ्या गाण्यात सुनंदाताईंनी माइक ओठांपाशी नेला आणि झटक्यानं मागे घेतला. करंट लागत होता. गावातल्या कार्यक्रमांत हे नेहमीचं. खांबावरून आकडा टाकलेला असतो, अर्थिंग नसतं, आणि एक हात गिटारच्या तारांवर ठेवून माइकला तोंड लावलं की दातांतून मुंग्या जातात. वाजवणारं कोणी हे वाचत असेल तर टेस्टर आणि बरा एक्स्टेन्शन बोर्ड जवळ ठेवा, माइकला स्पंजची टोपी घाला, आणि शंका आली तर लाज न बाळगता कार्यक्रम थांबवा. आम्ही थांबवला. मांडववाल्यानं शाळेच्या मीटरवरून दुसरी लाइन ओढून दिली. सुनंदाताई पाणी प्यायल्या आणि जिथं सोडलं होतं तिथूनच गाणं उचललं.

माजलगाव, तेलगाव करून धारूरला पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. शेवटचा घाट अरुंद आहे, समोरून उसाची गाडी आली तर आपणच मागे जायचं. लॉज साधा. गरम पाणी बादलीनं मिळतं, आणि दोघांच्या जेवणाच्या पैशांत खोली होते. सकाळी मंगेश आणि मी किल्ल्यावर जाऊन आलो. बुरूज भक्कम आहेत, आत गवत कमरेएवढं, पलीकडे बालाघाटाचे उघडे उतार. पाटी वाचायला कोणी थांबत नाही, आम्हीही नाही थांबलो. खाली बाजारात हंगामातली शेवटची सीताफळं होती, डोळे काळे पडलेली. चवीला सगळ्यात गोड हीच असतात, पण गाडीत ठेवू नका.

दुपारी लग्नाचं रिसेप्शन. चार गाणी झाली आणि लाइट गेली. कार्यालयवाल्यांनी जनरेटर चालू केला. मंडपातले दिवे एकदम पांढरेफटक पेटले, पंखे भिरभिरले आणि इरफानभाईंच्या कीबोर्डातून जळक्या रबराचा वास आला. पडदा काळा. माझा अँप स्टॅबिलायझरवर होता, म्हणून वाचला. त्यांच्या कीबोर्डलाही तो लावा, असं मी गाडीतून उतरताना म्हटलं होतं. आता पुन्हा म्हटलं नाही.

उरलेला कार्यक्रम मंगेशनं मोबाइलवरच्या नाचाच्या ट्रॅकवर भागवला. लोक नाचले. कोणाची काही तक्रार नव्हती.

लॉजवर इरफानभाई कीबोर्ड उघडून बसले होते. वर न बघता म्हणाले, "घाटनांदूर रद्द करू. ताईंच्या गाण्यांचे ट्रॅक न्हाईत. सूर कोण देणार?"

सुनंदाताई दारात उभ्या होत्या. "रद्द नका करू."

"ताई, नुसत्या ऑक्टोपॅडवर गाणार का तुमी?"

"गाईन. ते माझं माहेर हाय."

आम्हा तिघांनाही हे नवं होतं. त्या इतकी वर्षं आमच्यात आहेत, पण माहेर अंबाजोगाईकडे एवढंच माहीत होतं. त्या माझ्या खाटेच्या कडेला बसल्या आणि जे सांगितलं ते थोडक्यात सांगितलं. घाटनांदूरच्या पेठेत त्यांच्या घरचं भुसाराचं दुकान आहे. घर लिंगायत, व्यापारी, देवाधर्माचं. त्यांनी ऑर्केस्ट्रात गायला सुरुवात केली तेव्हा थोरल्या भावानं, अण्णांनी, निरोप पाठवला होता की आपल्या घरातली बाई पैसे घेऊन मांडवात गात नसते. तेव्हापासून बोलणं बंद. आई गेली तेव्हाही दोघं दोन कोपऱ्यांत बसले. आता अण्णांच्या मुलाला, मन्मथला, मुलगी झाली होती आणि तिच्या बारशाला त्यानं आमचा कार्यक्रम ठरवला होता.

"अण्णांना माहीत आहे, तुम्ही गाणार आहात ते?" मी विचारलं.

"मन्मथनं नुसतं सांगितलंय, गाण्याचा कार्यक्रम हाय म्हणून."

इरफानभाईंनी कीबोर्डाचं झाकण लावलं. "मॅडम, तुमी सूर धराल का?"

बेसवर सूर धरणं म्हणजे विहिरीच्या तळाशी उभं राहून वर हाक मारण्यासारखं आहे. पण त्या संध्याकाळी आम्ही दोघी खोलीत बसून गाणी बघितली. मी एकच तार लांबवर वाजवायची, ताईंनी तिच्यावर उभं राहायचं. दोन गाण्यांना जमलं नाही, ती वगळली. बाकीची जरा संथ केली. ताई म्हणाल्या, "असं बरं वाटायलंय. घाई न्हाई."

केजवरून अंबाजोगाईला सकाळी पोचलो. तिथं सुशीला खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका. भिजवलेल्या मुरमुऱ्यांना कांदा, मिरची आणि शेंगदाण्याच्या कुटाची फोडणी, वरून लिंबू. ताटलीभर खाऊनही खिशाला कळत नाही. सुनंदाताईंनी दोन घास घेतले आणि ताटली मंगेशकडे सरकवली. घाटनांदूरपर्यंत त्यांनी डोळे मिटले नाहीत. रेल्वे स्टेशनाची पाटी दिसली तेव्हा पदर खांद्यावर घेतला.

पेठेत रस्त्याच्या एका बाजूला दुकान आणि समोरच्या मोकळ्या जागेत मांडव. दुकानात तुरीची, सोयाबीनची पोती, सरकी पेंडीचा वास, आणि गादीवर एक गोरे, उंच गृहस्थ बसलेले. कपाळावर भस्म, गळ्यात इष्टलिंग, पांढरी बंडी. कोणी सांगायची गरज नव्हती, नाक सुनंदाताईंचंच होतं. त्यांनी आमची गाडी पाहिली, गाडीतून उतरणारी बहीण पाहिली आणि गिऱ्हाइकाकडे वळून तराजूचा काटा बघू लागले.

मन्मथ धावत आला, आत्याच्या पाया पडला. "आत्या, अण्णा म्हणाले, मांडवात येणार न्हाईत. दुकान बंद ठेवता येत न्हाई म्हणून."

"बरं," ताई म्हणाल्या. "मी कुटं म्हणतेय, या म्हणून."

बायका पाळण्याभोवती जमल्या, नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या, आणि आमचा कार्यक्रम सुरू झाला. मी अशी जागा घेतली होती की दुकान सरळ समोर दिसायचं. पहिली दोन गाणी जुनी हिंदी होती. माझा खर्ज, मंगेशचा हलका ताल आणि ताईंचा आवाज. कीबोर्ड नसल्यामुळे मधल्या जागा रिकाम्या राहत होत्या आणि त्यांत माझी प्रत्येक चूक ऐकू येत होती. इरफानभाई पहिल्यांदाच खुर्चीत, लोकांत बसले होते. दुकानात अण्णांचं तोंड रस्त्याकडे नव्हतं. ते पोत्यांकडे बघत होते.

तिसऱ्याला ताईंनी पाळणा धरला. हा यादीत नव्हता. मला पट्टी सांगितली, "काळी चार धरा," आणि सुरू झाल्या. हा त्यांच्या आईचा पाळणा, हे मला नंतर कळलं. मी सूर शोधला आणि धरून ठेवला. सोपा होता, दोनच स्वर पुरत होते. मला तो आवडला, म्हणून मी जरा जोरातच वाजवू लागले. मांडवाचे पत्रे थरथरताना ऐकू येत होते.

पहिलं कडवं संपत असताना दुकानातला हमाल रस्ता ओलांडून आला, बायकांमधून वाट काढत स्टेजपाशी पोचला आणि माझ्याकडे बोट करून म्हणाला, "अण्णा म्हणायलेत, ते खालचं धमधम बंद करा. तिचे शब्द ऐकू येईनात."

इतक्या कार्यक्रमांत माझ्या वाद्याबद्दल श्रोत्याकडून आलेली ही पहिली स्पष्ट सूचना.

मी दुकानाकडे पाहिलं. अण्णा उठून उंबऱ्याशी आले होते, एक हात दाराच्या चौकटीवर. मी तळहात चारही तारांवर ठेवला. आवाज थांबला. मंगेशनं माझ्याकडे पाहिलं आणि काड्या खाली ठेवल्या. सुनंदाताई क्षणभर डगमगल्या, पायाखालची फळी निघावी तशा. मग डोळे मिटले आणि एकट्या गाऊ लागल्या. आवाज जरा घोगरा होता, धारूरच्या लग्नात ओरडून गायल्यामुळे. प्रत्येक शब्द मात्र रस्त्यापलीकडे पोचत असावा, कारण तिथलं गिऱ्हाईकही सुट्टे पैसे मागायचं थांबलं होतं.

पाळणा संपला. टाळ्या पडल्या. अण्णा रस्ता ओलांडून मांडवाच्या कडेपर्यंत आले. आत आले नाहीत.

"तिसरं कडवं गाळलंस," ते म्हणाले.

"आठवत न्हाई, अण्णा."

"मला येतंय."

त्यांनी ते सांगितलं, चालीत नाही, हिशेब सांगावा तसं, एकेक ओळ, बहिणीकडे न बघता. ताई एकेक ओळ ऐकून चालीत घेत गेल्या. शेवटच्या ओळीला अण्णांचा आवाज बसला आणि त्यांनी उपरण्यानं नाक पुसलं. मग म्हणाले, "जेवून जा सगळी," आणि दुकानात परतले.

पुढची गाणी मी वाजवली. कोणी थांबवलं नाही, कोणी विचारलंही नाही. जेवायला शेंगाची पोळी, येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी, भात. अण्णा पंगतीत वाढायला नव्हते, पण ताईंच्या पानात पोळीवर तूप जास्त पडलं होतं आणि वाढणारी सून हसत होती. निघताना अण्णांनी गादीवरूनच हात वर केला. ताईंनीही. मिठी वगैरे काही झालं नाही. तसं लिहायचा मोह होतो, म्हणून सांगून ठेवते.

परतीला केज, मांजरसुंबा, बीड हा रस्ता धरा, तो सरळ आहे. मांजरसुंब्याला चहा घेताना इरफानभाई म्हणाले, "मॅडम, मी खुर्चीत बसून ऐकलं. तुमी थांबलात तेव्हा कळलं, तोवर काय चाललं होतं ते." मग कप खाली ठेवून म्हणाले, "पण अँपला जागा लागतेच."

घरी आल्यावर मी अँप विकला. गिटार सरळ मांडवातल्या साउंड सिस्टीमला जोडता येईल अशी एक छोटी पेटी घेतली, ती पर्समध्ये मावते. आवाज पूर्वीइतका भरदार नाही, आणि साउंडवाल्याच्या मर्जीवर राहावं लागतं. दुरुस्त होऊन आलेल्या कीबोर्डवर इरफानभाई काही गाण्यांचा बेस डाव्या हातानं वाजवतात, काही माझ्यासाठी सोडतात. कोणती, हे आम्ही अजून ठरवतो आहोत. अधूनमधून भांडतोही.

या खेपेतून काय राहिलं, असं विचाराल तर मला नेमकं सांगता येत नाही. वाजवायला शिकताना कुठे वाजवायचं ते बोटांना शिकवलं होतं. तळहाताला काही काम असतं, हे मला घाटनांदूरला कळलं.

संक्रांतीला सुनंदाताई माहेरी गेल्या होत्या, एकट्याच, एसटीनं. तिथून त्यांचा फोन आला. मागे तराजूत काहीतरी ओतल्याचा आवाज येत होता.

"मेधा, अण्णा विचारायलेत."

"काय?"

"ती थांबलेली बाई कावून आली न्हाई म्हणून."