भिंगरीने गिरणी पुन्हा चालू केली

तिला सगळं गाव भिंगरी म्हणायचं. लोकरीच्या गिरणीत एकाच वेळी चार यंत्रं सांभाळताना ती अशी काही धावायची, की एकदा मुकादम ओरडला, "अगं ए भिंगरी, जरा बूड टेक की!" झालं, नाव चिकटलं ते चिकटलंच.

त्या टेकड्यांत माणसांपेक्षा मेंढ्या जास्त. पूर्वी घरोघरी लोकर कातायचे. मग नदीकाठी गिरणी आली आणि गावाने बाळसं धरलं. बाजारपेठ उभी राहिली, शाळेवर मजला चढला, ब्लँकेटांनी भरलेले ट्रक शहराकडे धावू लागले. पुढे दुकानांत हलकी, मऊ, नायलॉनची पांघरुणं आली आणि इथली जाडीभरडी, अंगाला टोचणारी लोकर कुणाला नकोशी झाली. गिरणी बंद पडली. यंत्रं भंगारात गेली. लोकर पिंजायचं एक धूड तेवढं दारातून बाहेरच निघेना, म्हणून राहिलं.

भिंगरी कपडे शिवायला लागली. नवरा गेल्यावर त्याच शिलाई मशीनवर तिने संसार ओढला, मुलीचं लग्न केलं. तिची नणंद मात्र अजून मेंढ्या राखायची आणि कापलेली लोकर खड्ड्यात पुरायची.

"वहिनी, कापली नाही तर उन्हाने मेंढ्या मरतील," ती म्हणायची, "आणि कापली तर काळं कुत्रं विचारत नाही."

भिंगरीच्या भिंतीपलीकडे पत्र्याचे डबे ठोकणारा राहायचा. दिवसभर त्याचा हातोडा ऐकून तिचे कान किटले होते. शेवटी एक दिवस वैतागून तिने नणंदेकडून गाडीभर लोकर आणली, जुन्या चादरींत टाचून गाद्या केल्या आणि त्या सामाईक भिंतीला खिळ्यांनी ठोकून टाकल्या.

त्या आठवड्यात जावई आले. ते सुतार, शहरात घरांची आतली कामं करायचे. चहाचा कप हातातच धरून ते थबकले.

"आई, डबेवाला गावाला गेलाय?"

"कसला जातोय! तो बघा, खिडकीतून दिसतोय. ठोकतोय आपला."

जावयांनी खिडकीतून पाहिलं. हातोडा वर-खाली होत होता, आवाज मात्र कुठून तरी लांबून आल्यासारखा. त्यांनी भिंतीला कान लावला, गादी चाचपली आणि चहा विसरून म्हणाले, "अहो, शहरात लोक यासाठी माझ्या मागे लागलेत! गाण्याचे क्लास, दवाखाने, ऑफिसं... सगळ्यांना खोलीतला आवाज कमी करून हवाय."

भिंगरीला त्या रात्री झोप कुठली! दुसऱ्या दिवशी तिने गिरणीच्या जुन्या मिस्त्रीला गाठलं. तो म्हातारा आधी हसला, मग खोकला, मग पान्ह्यांची पेटी शोधायला लागला. गिरणीमालकाच्या सुनेने किल्ली दिली. पिंजणयंत्राचे दात घासले, नवा पट्टा चढवला. बटण दाबल्यावर यंत्र गुरगुरलं, धूर सोडला आणि बंद पडलं. मिस्त्रीने त्याला चार शेलक्या शिव्या हासडल्या. पुन्हा बटण दाबलं, आणि पलीकडून लोकरीचा पांढरा, रुंद पापुद्रा सुळसुळत बाहेर आला. भिंगरीने तो दोन्ही हातांनी झेलला. नणंद तर ओरडलीच, "वहिनी, चाललं!"

पण पहिलाच माल परत आला. लोकर दाबून केलेले तक्ते जावयांनी एका दवाखान्याच्या भिंतींना बसवले होते; पावसाळी हवेत त्यांना ओल्या मेंढीचा वास सुटला आणि रोगी नाकं दाबून बसले. भिंगरी रुसून पुन्हा शिलाई मशीनवर जाऊन बसली.

"रुसून लोकर धुतली जाते का?" नणंदेने खडसावलं. "तेल राहिलंय तिच्यात. सोड्याच्या कोमट पाण्यात दोनदा काढू, चल."

दोघींनी लोकर पुन्हा धुतली, वाळवली, पिंजली, दाबून नवे तक्ते केले. जावयांनी ते शहरातल्या एका गाण्याच्या क्लासात भिंतींना बसवले आणि सासूबाईंना मुद्दाम बोलावून घेतलं. दालनात उभं राहून भिंगरीने जोरात टाळी वाजवली. आवाज झाला तिथेच विरला. गाणाऱ्या बाईंनी एक तान घेतली, थांबल्या आणि म्हणाल्या, "पहिल्यांदाच माझा आवाज मला नीट ऐकू आला." भिंगरीने तिथेच जावयांना मिठी मारली. बिचारे लाजून लालबुंद!

बातमी टेकड्यांत वाऱ्यासारखी पसरली. मेंढपाळ लोकर घेऊन गिरणीच्या दारात येऊ लागले. एका रोपवाटिकेवाल्या बाईंनी तर भलतंच काढलं.

"या लोकरीच्या चटया करून द्याल का? रोपांच्या बुडाशी घालीन. ओल टिकेल, तण दबेल."

"देऊ की!" भिंगरी बोलून गेली.

"अगं, तक्ते हाताने दाबतो, पण चटया दाबायच्या कशावर?" नणंदेने तिला कोपराने ढोसलं.

मिस्त्री तोवर जमिनीवर उकिडवा बसून खडूने नव्या यंत्राचं चित्र काढू लागला होता. भोवती मेंढपाळ गोळा झाले. कुणी म्हणे पाण्याच्या टाक्यांना गुंडाळू, कुणी म्हणे छताखाली घालू. भिंगरी त्या गर्दीत घुसली, खडू हिसकावून घेतला आणि म्हणाली, "दार आधी मोठं काढा. या वेळी माल बाहेर न्यायचाय!"