बानूबाईची शिसारी

...तर चिमट्याची पाळी बानूबाईवर आली, तिथं काल आपली गोष्ट राहिली होती. काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागून सांगतो.

बानूबाई आमच्या खुटबावची. भावकीतल्या सगळ्यांनी मेंढरं विकून ऊस लावला, हिनं मात्र पंधरा-वीस राखली. आणि किळस म्हणाल तर नाकाच्या शेंड्यावर. दुसऱ्याच्या कपातून चहा नाही, लग्नाच्या पंगतीलाही स्वतःचा तांब्या. "लेंड्यांत ऱ्हाती आन् कपाला नाक मुरडती!" असं कुणी म्हटलं की ही म्हणायची, "लेंडीचं खत तरी व्हतं. माणसाच्या थुकीचं काय व्हतं?"

हल्ली तिला झोप लागेना. पोरगा जालिंदर, कंपनीत कामाला. तो म्हणाला, "मेंढरांचा ताण हाय तुला." तेवढ्यात शाळेत तपासणीचं शिबिर लागलं. तिथलं यंत्र बोटाला चिमटा लावून आत उजेड सोडतं, नाडीच्या ठोक्याठोक्यांतलं अंतर मोजतं आणि पडद्यावर काट्यानं दाखवतं, की अंगात धावपळ जास्त की विसावा. मायलेकांचं ठरलं : काटा धावपळीकडं गेला तर मेंढरं विकायची. व्यापारी तर गावात येऊन बसलाच होता.

बानूबाईच्या पुढं मारुतराव, आमच्या डेअरीचे चेअरमन. त्यांनी तंबाखू मळली, दाढेखाली बार सरकवला आणि तेच ओलं बोट चिमट्यात घातलं. बाहेर आलं तेव्हा आत चुन्याचा लपका आणि तपकिरी लाळेची तार! यंत्रावर बसलेल्या प्रांजलचं लक्षच नाही. "आजी, बोट घाला."

"ह्याच्यात? शीऽ!"

"घाल की आई, माणसं खोळंबल्यात," जालिंदर म्हणाला.

घातलं बिचारीनं. पदर नाकाला, तोंड भिंतीकडं. मला नुसतं बघून उमासे येत होते, तिचं काय झालं असेल! काटा धाडकन धावपळीकडं, पार तांबड्यात.

"बघ! मी म्हनत न्हवतो?" जालिंदरनं लगेच व्यापाऱ्याला लावायला फोन काढला.

बानूबाईनं ते बोट प्रांजलच्या नाकासमोर धरलं. "पोरी, वास घे."

प्रांजल मागं सरली, चिमट्यात डोकावली आणि गोरीमोरी झाली. "काका, थांबा जरा. काचेवर चुना बसलाय. उजेडच नीट गेला नाही, ठोके चुकीचे मोजले असणार. परत घेऊ."

मग स्पिरिट आलं, कापूस आला. बानूबाईनं समोर उभं राहून चिमटा पुसून घेतला, स्वतःचं बोट साबणानं धुतलं आणि निवांत बसली. काटा विसाव्याकडं झुकला. फार नाही, पण झुकला.

मारुतरावांनी खिडकीतून पिंक टाकली. "येवढ्याशा लाळंनं काय व्हतंय, बानूबाई?"

तिनं तिकडं पाहिलंसुद्धा नाही. जालिंदर फोन हातात धरून तसाच उभा. "मग आई, व्यापाऱ्याला काय सांगू?"

"सांग, मेंढरं न्हाईत इकायची. आन् रिकामा जाऊ नगं म्हनावं, ह्या मारुतरावांना घिऊन जा. पर दावं लावून वढ म्हनावं, हात लावू नगं."