वेष्टीवरचं कोलम

मशीनवर कटवर्क शिकायचं खूळ माझ्या डोक्यात निवृत्तीनंतर शिरलं, त्याला कारण लेकीचं बाळ. बारसं इथे तंजावुरात, आमच्याच घरी व्हायचं होतं, आणि पाळण्यात अंथरायला काहीतरी माझ्या हातचं हवं होतं. कापड मी आईकडे मागितलं. अप्पा, माझे वडील, गेल्यावर त्यांची एकच वेष्टी, म्हणजे इकडचं पांढरं धोतर, तिनं जपून ठेवली होती, धुऊन धुऊन साईसारखी मऊ झालेली. दोन दिवस विचार करून तिनं ती दिली.

"शिवायला देतें, कातरायला नव्हें," असं वर बजावलंही.

कटवर्क म्हणजे कातरणंच, हे मी तिला सांगितलं नाही.

शिकवायला होती राजवाड्यामागच्या गल्लीतली शिवणवाली, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं, म्हणून ती मला टीचर म्हणायची. आता शिकवणारी ती, म्हणून मीही तिला टीचरच म्हणायचे. दुकानात येणाऱ्या बायकांना आमचं बोलणं ऐकून हसू आवरायचं नाही.

तिची पद्धत साधी होती. मशीनच्या सुईशेजारचा कापड दाबणारा पाय काढून टाकायचा, कापड भरतकामाच्या रिंगमध्ये ताणायचं आणि रिंग हातानं फिरवत नक्षीवर दोनदा शिवण घालायची. मग नक्षीच्या एका घरातलं कापड छोट्या कात्रीनं कापायचं, त्याची कड दाट टाक्यांनी भरायची, आणि मगच दुसऱ्या घराला हात लावायचा. "एक कापा, एक भरा, टीचर," ती तमिळमध्ये रोज सांगायची. मी रोज मान डोलवायचे.

पण माझा हात दारातल्या कोलमला, इकडच्या ठिपक्यांच्या रांगोळीला, सरावलेला. आधी सगळे ठिपके, मग हात न उचलता त्यांच्याभोवती फिरणारी एकच रेघ. अर्धं कोलम टाकून उठणं मला लहानपणापासून जमत नाही. वेष्टीवर मी तेच कोलम काढलं आणि एका दमात शिवलंही. टीचर जेवायला घरी गेली होती. एकेक घर कापत कोण बसणार, असं म्हणून मी सगळीच्या सगळी घरं कापून टाकली.

रिंगमधला ताण गेला. कापड मध्येच लोंबलं, कडांच्या दशा निघाल्या, आणि सरळ करायला जितकं ओढावं तितकं ते फाकत गेलं. बारसं चार दिवसांवर आलेलं, अप्पांची एकुलती एक वेष्टी मी वाया घालवलेली, आणि आईला काय तोंड दाखवू ते कळेना. मी तिथेच स्टुलावर बसून रडले.

टीचर आली. तिनं रिंग उचलून उजेडात धरली. मी बोलणी खायच्या तयारीत होते. माझ्या वर्गात कुणी असं केलं असतं तर मी तिला तासभर सोडलं नसतं. ती एवढंच म्हणाली, "परवायिल्ले, टीचर. काही बिघडलं नाही. फक्त ओढू नका."

मग तिनं कपाटातून स्वतःची पांढरी ऑर्गंडीची साडी काढली, पदराचा तुकडा कापला आणि आधाराला वेष्टीखाली घालून टाचून टाकला. पुढचे तीन दिवस शेजारी बसून तिनं माझ्याकडून एकेक कड भरून घेतली. तिची स्वतःची गिऱ्हाइकांची ब्लाउजं तशीच पडून होती. साडीबद्दल मी विचारलं, तर म्हणाली, "मला ती टोचते." दर शुक्रवारी तीच साडी नेसून ती देवळात जायची, हे मला ठाऊक होतं.

बारशाच्या दिवशी, वेष्टी पाळण्यात अंथरण्याआधी, मी आईला सगळं खरं सांगून टाकलं. आईनं ती मांडीवर घेतली. भोकांवरून, त्यांतून दिसणाऱ्या ऑर्गंडीवरून तिचं बोट बराच वेळ फिरत राहिलं.

"भोकं पडल्याखेरीज त्यांना तरी वेष्टी कुठें सोडवत होती," ती शेवटी म्हणाली, आणि ती पाळण्यात अंथरून बाळाला तिनंच वर निजवलं.

टीचर मागे बायकांत उभी होती. मी तिला हाताला धरून पुढे आणलं आणि पाळण्याची दोरी तिच्या हातात दिली. तिचे उपकार माझ्यानं फिटायचे नाहीत. इतकी वर्षं मी पोरींच्या चुकांखाली लाल रेघा ओढत आले. चुकीखाली आपल्या साडीचा पदरही लावता येतो, हे मला या बाईनं शिकवलं.