दारातली बिडी

तारकर्लीत मी ज्या बाईकडून मासे घ्यायचो, तिचं नाव मी कधी विचारलं नाही. डोक्यावर पाटी घेऊन वाळूतून येताना ती मध्येच थांबायची आणि छातीवर तळवा दाबून धरायची. रक्तवाहिन्या आतून कडक झाल्यात, बिडी सोडा, असं डॉक्टरांनी तिला बजावलं होतं.

"माझ्या ओठाक बिडी कधी लागूक नाय," ती हसून म्हणाली. "ओढली घोवान. धूर तेवढो माका गावलो."

घोव, म्हणजे तिचा नवरा, कधीच वारला होता. अमावास्येच्या तिन्हीसांजेला ती दारात त्याचं पान वाढायची. भात, बांगडा आणि निखाऱ्यावर पेटवलेली एक बिडी.

एकदा मी तिथे होतो. ओढली नाही तर बिडी विझते, एवढं मलाही ठाऊक आहे. वारा अजिबात नव्हता. तरी बिडीचं टोक लाल व्हायचं, मंद व्हायचं, पुन्हा लाल व्हायचं. ती शेजारी धुरात खोकत बसली होती.

"काकी, जरा लांब बसा ना," मी म्हणालो.

माझं ऐकून ती उठून अंगणात गेली. टोक लगेच काळं पडलं. ती परत येऊन पानाजवळ बसली, आणि ते पुन्हा लाल झालं.

"बघलास?" ती म्हणाली. "एकट्यान ओढूची सवय नाय त्येका."