वीणा खाली ठेवायची नसते

त्या वर्षी माझं देवाशी भांडण चालू होतं आणि भांडणाचं कारण होती घंटा. गाभाऱ्यासमोरची पितळी घंटा कुणी वाजवली की माझ्या उजव्या कानात दाभण घुसवल्यासारखी कळ जायची. ती जबड्यातून मानेत उतरायची आणि संध्याकाळपर्यंत ठणकत राहायची. लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून ज्या देवळात टाळ घेऊन बसले, त्याच देवळाच्या पायरीवरून मी आता माघारी वळत होते. घरी येऊन विठोबाच्या तसबिरीला विचारायचे, की तुझ्या दाराशीच कान दुखतो, मग मी यायचं कुठून? तसबीर काही बोलत नसे. तेवढा एक आवाज तरी कमी, असं म्हणून मी कामाला लागायचे.

हे दुखणं सुरू झालं भावकीतल्या एका हळदीत. आमच्या भिवंडीच्या गावांतून हळद म्हणजे डीजे आलाच आणि मी नवऱ्यामुलाची आत्या, म्हणजे नाचणं ओघानं आलं. स्पीकरच्या भिंतीला लागूनच आम्ही बायका नाचत होतो. एकदम कानात काहीतरी तट्कन झालं. घरी आले तेव्हा कान सुन्न होता. सकाळी उठले ती चहाच्या कपात चमचा फिरल्याच्या आवाजानं कळवळून. तेव्हा मी शेजारच्या वळ गावातल्या गोदामात पॅकिंगला जात होते. तिथे दिवसभर खोक्यांवर चिकटपट्टी ओढल्याचा टर्रर्र आवाज. पूर्वी तो ऐकूही येत नसे, आता प्रत्येक खोकं माझ्या कानावरच चिकटवताहेत असं वाटायचं. शेवटी काम सोडलं.

घरातही निराळं नव्हतं. कुकरची शिट्टी नको म्हणून मी डाळ पातेल्यात शिजवायला लागले. आमच्या ह्यांनी भांड्यांच्या मांडणीवर जुनं लुगडं अंथरून दिलं आणि दरवाजाच्या कडीला चिंधी गुंडाळली. बाहेरच्या लोकांना मात्र हे सगळं नाटक वाटे. बहिरी माणसं पाहिलीत, पण जास्त ऐकू येतं म्हणून रडणारी बाई पहिल्यांदाच पाहिली, असं एकजण माझ्या तोंडावर म्हणाली. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, तिला काय सांगणार?

ठाण्याच्या कानाच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासलं. पडदा चांगला, ऐकणं चांगलं. त्या म्हणाल्या, "तुमचा कान आवाजाला घाबरलाय. डीजे वाजत असेल तिथे कान झाका, जरूर झाका. पण घरात दिवसभर कापूस घालून बसू नका. त्यानं कान आणखी हळवा होतो. पंख्याचा, पाण्याचा, असा हलका आवाज कानावर पडू द्या. हळूहळू सवय होईल." मी मान डोलावली आणि घरी येऊन कापसाचा बोळा दुप्पट केला. वर स्कार्फ बांधला, तोही घट्ट. दुखणारी मी, आणि ह्या म्हणतात दार उघडं ठेवा!

अशातच माझी लेक प्रणाली बाळंतपणाला आली आणि मला नात झाली.

आता हे लिहितानाही हात थांबतो. जगातल्या सगळ्या आवाजांत मला सर्वांत जास्त दुखला तो माझ्या नातीच्या रडण्याचा आवाज. ती रडली की मी मागच्या पडवीत जायचे आणि दोन्ही तळवे कानांवर दाबून उभी राहायचे. बाळाला न्हाऊ घालायला शेजारची बाई येई. प्रणाली समजूतदार आहे. "आई, तू नको घेऊस, मी बघते," एवढंच म्हणायची. तिनं चिडून दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. मग एके दिवशी विहीणबाईंचा फोन आला. तुम्हाला झेपत नसेल तर सप्ताह उरकला की आम्ही मायलेकींना घेऊन जातो, असं त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, काळजीच होती, आणि म्हणूनच ते फार लागलं. नात दोन महिन्यांची झाली होती. अजून महिनाभर तिनं आजोळी राहायचं, अशी आमच्याकडची रीत. एकुलत्या एका लेकीचं बाळंतपण अर्ध्यावर सोडायचं? मी ठरवलं, मी ते पुरं करणार. कसं ते मला माहीत नव्हतं. पण मी हट्टी बाई आहे. ठरवलं की ठरवलं.

गावात सप्ताह बसला होता. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते, सप्ताहाचे सात दिवस देवासमोर वीणा उभी असते. ती कुणा ना कुणाच्या गळ्यात असते आणि तिची तार वाजत राहते. उभा असलेला थकला की दुसरा त्याच्या पाया पडतो आणि वीणा आपल्या गळ्यात घेतो. या उभं राहण्याला पहारा म्हणतात. वीणा जमिनीला टेकवायची नसते. पूर्वी पहाऱ्याला माणसांची रीघ असायची. आता गावचे पुरुष गोदामांत ड्युटीवर, त्यामुळे दुपारच्या पहाऱ्याला माणूस मिळता मिळत नाही, आजूबाजूच्या गावांतून बोलवावा लागतो. मला मात्र ही दुपारच सोयीची होती. तेव्हा भोंगा बंद असतो आणि मांडवात चार म्हातारी माणसं पेंगत असतात. देवाशी समोरासमोर भांडून घ्यावं म्हणून मी कानांत बोळे घालून, स्कार्फ आवळून तिथे जाऊन बसले.

खारबावकडचे एक वयस्कर माळकरी पहाऱ्याला होते. मी त्यांना पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. मी मनातल्या मनात विठोबाला दोन शब्द सुनावायला सुरुवात केली तोच कीर्तनाच्या तयारीसाठी कुणीतरी माइक चालू केला. कर्ण्यातून असा काही कर्कश चीत्कार निघाला की कापूस, स्कार्फ, काही काही आड आलं नाही. मी ताडकन उठले. दोन्ही हात कानांवर, आणि पाय मांडवाच्या बाहेर पडायला निघालेले.

आणि समोर ते माळकरीबुवा. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम, पाय लटपटत होते.

"माउली, धरा," ते म्हणाले. "मला उभं ऱ्हावत न्हाय."

मी मानेनंच नाही म्हटलं. त्यांनी ते पाहिलं की नाही, देव जाणे. वीणेचा पट्टा त्यांनी स्वतःच्या गळ्यातून काढला होता आणि वीणा त्यांच्या हातात खाली खाली येत होती. माइकवाला ओरडला, "अरे, बाईमाणसाकडं कुठं देता?" पुढच्या रांगेतून आमच्या पारूमावशीनं, गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईनं, त्याला तिथल्या तिथे उत्तर दिलं. "मंग काय खाली ठेवायची? घेऊ दे तिला. बाय, घे तू."

मी कानांवरचे हात काढले आणि वीणा घेतली.

पट्टा डोक्यावरून येताना स्कार्फ मागे सरकला आणि उजव्या कानातला बोळा खाली पडला. तो माझ्या पायाशीच होता. पण वाकणार कशी? एका हातानं दांडी धरायची, दुसऱ्यानं तार छेडायची. कानावर ठेवायला तिसरा हात नव्हता. माइक पुन्हा किंचाळला. कळ आली, डोळ्यांत पाणी आलं. मी तार छेडली. पुन्हा छेडली. आणि मग लक्षात आलं, की हा आवाज कानाला अगदी लागून होता, उघड्या कानात जात होता आणि दुखत नव्हता. किती जोरात वाजवायचं, ते माझं बोटच ठरवत होतं. दरम्यान माइकवाल्यालाच लाज वाटली असावी, त्यानं ते यंत्र बंद केलं. मी तोंडानं नाम घेत राहिले. कितीतरी महिन्यांनी माझाच आवाज मी कापसाविना ऐकत होते. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं.

बातमी घरी पोचायला वेळ लागला नाही. प्रणाली बाळाला घेऊन धावतच आली. वीणा ज्याच्या गळ्यात, त्याच्या पायावर लेकरू घालायची आमच्याकडे पद्धत आहे. आई म्हणून नव्हे, वीणेकरी म्हणून तिनं माझ्या पायांवर बाळाला अलगद ठेवलं. आणि बाळ रडलं, घसा फोडून.

त्या क्षणी माझा पाय मागे जायला निघाला होता, हे लपवत नाही. पण पायावर लेकरू, गळ्यात वीणा. मागे सरणार कुठे? मी पांडुरंगाकडे पाहिलं आणि म्हटलं, येऊ दे, काय यायचं ते. कळ आली. आली नाही असं सांगितलं तर खोटं होईल. पण ती आली तशी ओसरली. पडवीत कान दाबून मी जिची वाट पाहायचे, त्या कळेपेक्षा ही खरी कळ लहान होती. तार वाजत राहिली, बाळ रडत राहिलं आणि मी दोन्ही ऐकत राहिले.

पुढच्या पहाऱ्याचा माणूस आला. त्याच्या गळ्यात वीणा घालून मी वाकले आणि नातीला उचललं. बोळा तिथेच राहिला, संध्याकाळी झाडताना कुणीतरी लोटला असेल. प्रणालीनं तोंडाला पदर लावला होता. "आई, दुखतंय का गं?" तिनं विचारलं. "दुखतंय," मी म्हटलं, "पण हिला आता मी देणार न्हाय."

माझा कान त्या दिवशी बरा झाला, असा माझा दावा नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं मी दुसऱ्या दिवसापासून मुकाट्यानं करायला लागले. आधी थोडा वेळ पंख्याचा आवाज, मग नळाचा, मग नातीचं न्हाणं. काही दिवस फार वाईट गेले. तरी विहीणबाईंना मी फोन करून सांगितलं, की महिना पुरा करूनच लेकीला पाठवीन, आणि पाठवली. आता कुकर लावते. घंटा वाजते तेव्हा जरा लांब उभी राहते. हळदीला जाते, पण स्पीकरपासून दूर आणि कान झाकून. देवानं अक्कल दिलीय ती वापरायला नको का?

त्या दिवशी माळकरीबुवांची साखर उतरली होती. सरबत पाजल्यावर ते मांडवामागे घोंगडीवर घटकाभर पडले. घरी निघण्याआधी नातीला खांद्यावर टाकून मी त्यांच्या पाया पडायला गेले आणि विचारलं, बुवा, मांडवात बाकीची माणसं होती, मग माझ्याच हातात का दिलीत? मला वाटलं, ते काहीतरी अर्थाचं सांगतील, दृष्टान्त झाला म्हणतील. ते साधंच बोलले.

"बाकी समदी बसलेली, माउली. तुमीच तेवढ्या उभ्या व्हत्या."

मी पळून जायला उभी राहिले होते. पांडुरंगानं तेवढंही उभं राहणं गोड मानून घेतलं.