मशीन रिकामी चालवा

सरकीचा तेलकट वास आला की मला नेरजवळची ती कापसातून सरकी वेगळी करणारी जिनिंग आठवते. तिथे कापसातलं प्लास्टिक कॅमेऱ्याने हेरून हवेच्या झोताने उडवणारं यंत्र होतं आणि त्याचा प्रोग्राम माझा होता. पण मधूनच झोत जरासा उशिरा सुटायचा आणि प्लास्टिक थेट कापसाच्या दाबलेल्या गाठीत जायचं. "तुमचा प्रोग्रामच अटकून राह्यला. संध्याकाळपर्यंत नाही जमलं तं यंत्र वापस," मालक म्हणाले. मी ओळ न् ओळ तपासली होती, त्यामुळे मला रागच आला. शेजारी म्हातारा फिटर सरकी काढणाऱ्या, खडखडणाऱ्या जिनमधला कापूस उपसत होता. कशाला, म्हणून विचारलं. "भाऊ, खडखड कापसाची हाये का मशीनची, हे पाहाचं असन तं तिले रिकामी चालवा. मंग जो आवाज येईन तो तिचाच." मी तडक आमचं यंत्र चालवणाऱ्या कॉम्प्युटरकडे गेलो. कॅमेरा, झोत, सगळी कामं बंद केली आणि प्रोसेसरला फक्त घड्याळ बघत राहायला लावलं. दुसरं काही काम नसताना वेळ सलग दिसायला हवा होता. तरी ठरावीक अंतराने एक बारीक क्षण गायब! शोधल्यावर कळलं, मदरबोर्डच पंख्याचा वेग ठरवण्यासाठी तापमान तपासायला प्रोसेसरला गुपचूप थांबवत होता. मी पंखा कायमचा जोरात ठेवला, ती तपासणी बंद केली आणि झोत वेळेवर सुटू लागले. मालकांनी यंत्र ठेवून घेतलं. आजही कोणी माझ्या प्रोग्रामकडे बोट दाखवलं, की मी वाद घालत नाही. म्हणतो, आधी मशीन रिकामी चालवा.